कावळ्याला दिलेला शब्द

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत कावळे पुष्कळ आहेत. कचऱ्याच्या दिवशी ते पहाटेपासून हजर असतात, पिशव्या फोडतात, हाडं फुटपाथवर मांडून ठेवतात, आणि प्रल्हादराव उकिडवे हाकलायला बाहेर आले की त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. पण त्यांच्या बायकोच्या, सुनेत्राबाईंच्या, दहाव्याला त्यातला एक येईल तर शपथ.

दहावं नदीकाठच्या पार्कात होतं. भटजी म्हणून हेमचंद्र परचुरे होते. हेमचंद्र पेशाने केमिस्ट, मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि गरज पडली की भटजी. पुण्याहून येताना त्यांनी एक पोथी आणली होती, तिच्या जोरावर त्यांनी मध्य न्यू जर्सीतली तीन लग्नं आणि बऱ्याच वास्तुशांती पार पाडल्या होत्या. दहावं मात्र पहिलंच. पिंड पिकनिकच्या टेबलावर मांडले, आणि सगळे मागे सरून उभे राहिले. मार्च महिना होता. वारा असा होता की धोतराऐवजी पँट घालू दिल्याबद्दल प्रल्हादरावांनी मनातल्या मनात हेमचंद्रांचे आभार मानले.

आधी खार आली. तिला हाकललं. मग कॅनडाहून येतात ती मोठी बदकं आली, आठ-दहा, आणि टेबलाला वेढा घालून उभी राहिली. त्यांना हाकलायला गेलेल्या हेमचंद्रांनाच त्यांनी पार्किंग लॉटपर्यंत हाकललं. कावळे दोन होते, पण ते समोरच्या मेपलवर बसून हा सगळा प्रकार बघत होते.

"इच्छा राहिली असेल," हेमचंद्र धापा टाकत म्हणाले. "काय राहिलं असेल ते बोला. मोठ्यानं बोलावं लागतं. वहिनी, उत्तराच्या लग्नाचं आम्ही बघू!"

"एक्स्क्यूज मी?" उत्तरा म्हणाली. ती प्रल्हादरावांची एकुलती एक मुलगी. मिनेसोटात ईडन प्रेरीला नोकरी करत होती आणि लग्नाचा विषय निघाला की तिचं मराठी संपायचं.

कावळे हलले नाहीत.

"सुनेत्रा, तुझा मोठा कुकर माझ्याकडे आहे, तो परत देते गं!" हेमचंद्रांच्या बायको मृणालिनीबाई एकदम रडत ओरडल्या. हा कुकर गेली चार वर्षं हरवलेला होता. प्रल्हादरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. कावळ्यांनीही पाहिलं, पण जागा सोडली नाही.

तेवढ्यात पार्कचा रेंजर आला. पक्ष्यांना खायला घालणं मना आहे, असा बोर्ड टेबलाशेजारीच होता.

"ऑफिसर, हे पक्ष्यांसाठी नाही," हेमचंद्र इंग्रजीत म्हणाले. "यांच्या मिसेससाठी आहे."

रेंजरने मिसेस कुठे दिसतात का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले, टोपी काढली, आणि आपण जरा ट्रकमध्ये जाऊन कॉफी पिऊन येतो म्हणाला.

प्रल्हादरावांचे पाय गारठले होते. दहा दिवस लोकांशी बोलून घसा बसला होता. ते टेबलाजवळ गेले आणि हळूच, घरातल्या घरात बोलावं तसं म्हणाले, "बरं बाई. जाऊ तुझ्या त्या बेटावर. मासे बघू. झालं?"

एक काळा पक्षी कुठून तरी सपकन आला, पिंडाला चोच मारली आणि गेला.

"शिवला!" हेमचंद्रांनी अशी आरोळी ठोकली की बदकं नदीत पडली.

आता बेटाचं सांगायला हवं. ज्या प्लाझात भारतीय किराणा दुकान होतं, त्याच्या शेजारी एक ट्रॅव्हल एजन्सी होती. तिच्या काचेत एक पोस्टर होतं. निळं पाणी, त्यात पालथी तरंगणारी एक बाई, तोंडात नळी, आणि तिच्याभोवती पिवळे मासे. सुनेत्राबाई डाळ-तांदूळ घ्यायला गेल्या की त्या पोस्टरपुढे उभ्या राहायच्या. हातातल्या पिशव्या खाली ठेवून उभ्या राहायच्या, म्हणजे बघा. मग पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पोहायचा क्लास लावला. प्रल्हादराव टॉवेल घेऊन बाकावर बसायचे. त्यामुळे पोहण्याची थिअरी त्यांनाही पूर्ण येत होती. पाण्यात काय ते पाऊल घातलं नव्हतं. सुनेत्राबाई शिकल्या, फुलाफुलांची रबरी टोपी घालून तलावाची लांबी पार करायला लागल्या, आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांना जायचंच होतं. हिवाळा आला तेव्हा त्या हॉस्पिटलात होत्या.

तर कावळा शिवला, विषय संपला, असं व्हायला हवं होतं. पण परतताना गाडीत मागच्या सीटवरून मृणालिनीबाई म्हणाल्या, "तो ग्रॅकल होता."

"काय होता?"

"ग्रॅकल. काळा असतो, पण कावळा नाही. त्याचा डोळा पिवळा होता. कावळ्याचा पिवळा नसतो." मृणालिनीबाई लायब्ररीत पक्षिनिरीक्षणाच्या वर्गाला जात असत. आजवर त्या वर्गाचा कुणालाच त्रास झाला नव्हता.

"मृणालिनी, गप्प बस."

"मी आपलं पाहिलं ते सांगितलं."

"काळा होता ना? मग झालं. शास्त्राला न्यू जर्सीतले पक्षी माहीत नाहीत."

"शास्त्राला नसतील. सुनेत्राला माहीत होते. ती दाणे घालायची त्यांना."

हेमचंद्रांनी घरी जाऊन पोथी चाळली. ग्रॅकलबद्दल तीत काहीच नव्हतं. मग त्यांनी पुण्याला काकांना फोन लावला. लाइन खरखरत होती. "काळा होता का?" काकांनी विचारलं. "काळा होता," हेमचंद्र म्हणाले. "मग मला इतक्या लांबून कशाला विचारतोस?" म्हणून काकांनी फोन ठेवला.

प्रल्हादरावांनी मात्र या प्रश्नाचा नीट विचार केला. रात्रंदिवस दुसरा उद्योगही नव्हता. तो कावळा असेल, तर आपण शब्द दिला आणि तिने तो घेतला. म्हणजे जायला हवं. तो कावळा नसेल, तर ती अजून वाट बघत बसलेली आहे. म्हणजे तर जायलाच हवं. दोन्हीकडून जाणं आलंच.

ही बातमी मंडळात पसरली, आणि सल्ल्यांना सुरुवात झाली.

"मासेच बघायचे ना? न्यू यॉर्कला ॲक्वेरियम आहे. दुपारी जाऊन जेवायला घरी," हेमचंद्र म्हणाले.

"भाऊजी, पोहता येत नाही तुम्हाला. ओव्याचा अर्क न्या. छत्री न्या. आणि मी चिवडा देते, तिथे काय मिळतं कुणास ठाऊक," मृणालिनीबाई म्हणाल्या. कुकर परत आल्यापासून त्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी देत होत्या.

एकाने सांगितलं, शार्क माणसाला खात नाही, चुकून चावतो. दुसऱ्याने सांगितलं, चुकून चावला तरी चावल्यासारखंच असतं.

उत्तराचा फोन आला. "बाबा, दॅट होल प्लेस इज फॉर कपल्स. इट विल बी सो सॅड."

"सॅड इथंही आहे," प्रल्हादराव म्हणाले. "तिथं निदान ऊन असेल."

ट्रॅव्हल एजन्सीतली बाई चांगली होती. तिला हे गृहस्थ आठवत होते; पोस्टरसमोरच्या बाईच्या पिशव्या उचलणारे म्हणून. पण अडचण अशी होती की ते 'आयलंड ॲडव्हेंचर' पॅकेज एका माणसाला मिळतच नव्हतं. खोली दोघांची, होडी दोघांची, बोटीवरच्या जागा दोन, जेवणाचे डबे दोन. कॉम्प्युटरला एक माणूस समजत नव्हता. तिने पुन्हा पुन्हा बटणं दाबून पाहिली. कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा, दुसरा कोण?

"असं करू," ती आवाज खाली आणून म्हणाली. "मी दोघांचं नाव घालते. तिथे गेल्यावर म्हणायचं, मिसेस नो-शो आहेत."

"नो-शो म्हणजे?"

"म्हणजे यायचं होतं, पण आल्या नाहीत."

प्रल्हादरावांनी विचार केला. गेल्या महिनाभरात सुनेत्राबाईंबद्दल पुष्कळ लोक पुष्कळ बोलले होते. देवाघरी गेल्या, सुटल्या, आत्मा अमर असतो. इतकं बरोबर कुणी बोललं नव्हतं.

"घाला," ते म्हणाले.

बेटाचं नाव सेंट जॉन. बेट अमेरिकेच्याच मालकीचं. पासपोर्ट लागत नाही, पोस्टाची तिकिटं तीच, झेंडा तोच, फक्त गाड्या डावीकडून चालतात. फेरीबोटीतून उतरल्यावर हे पाहून प्रल्हादरावांना इतकं बरं वाटलं, की ते बिनधास्त रस्ता ओलांडायला लागले. आयुष्याची पहिली तीस वर्षं पाय ज्या बाजूला बघून चालले होते त्याच बाजूला बघून चालले. हे कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी मान वळवली. शेजारी छत्री होती.

हॉटेलचा माणूस पाटी घेऊन उभा होता. पाटीवर 'मिस्टर अँड मिसेस' हे बरोबर होतं. उकिडवे हे नाव मात्र अमेरिकेत आल्यापासून कुणी बरोबर लिहिलं नव्हतं, या माणसाने तरी का लिहावं. हॉटेलात शिरताच हातात ट्रे आला. ट्रेवर दोन ग्लास, दोन्हींत अननसाचा रस आणि कागदाची छत्री.

"आणि मिसेस?"

"नो-शो," प्रल्हादराव म्हणाले. शब्द घरी पाठ केला होता.

"ओ, पुढच्या फेरीने येतील!" पोरगी हसली आणि ट्रे तिथेच ठेवून गेली.

इथे प्रल्हादरावांच्या एका सवयीबद्दल सांगणं भाग आहे. सुनेत्राबाईंना पानात वाढून घ्यायचा सोस होता आणि पोट चिमणीचं. मंडळाच्या जेवणात असो की हॉटेलात, निम्मं झालं की त्या ताट नवऱ्याकडे सरकवायच्या. "घ्या हो, मला जात नाही." प्रल्हादराव कुरकुरायचे आणि संपवायचे. एकतीस वर्षं त्यांनी दीड माणसाचं जेवण केलं होतं, आणि वजनाबद्दल बोलणी मात्र एकट्याने खाल्ली होती. त्यामुळे समोर दोन ग्लास आणि शेजारची खुर्ची रिकामी म्हटल्यावर त्यांनी आपला ग्लास संपवला आणि मग सवयीने दुसराही संपवला. त्यात रम होती. प्रल्हादरावांनी जन्मात दारू घेतली नव्हती. बेटावरची पहिली संध्याकाळ त्यांनी पलंगावर आडवं पडून, छताचा पंखा थांबवा अशी विनंती करत काढली. पंखा बंद होता.

दुसऱ्या दिवशी पॅकेजप्रमाणे होडी. पायडल मारायची होडी, दोन सीट, दोन जोड्या पायडलं. प्रल्हादराव एका सीटवर बसले. होडी त्या बाजूला कलली. त्यांनी पायडल मारलं. होडी गोल फिरली. जोरात मारलं, तर जोरात गोल फिरली. किनाऱ्यावर आरामखुर्च्यांत पडलेल्या नवराबायकोंच्या जोड्या आधी सौजन्याने पुस्तकात बघत होत्या. चौथ्या फेरीनंतर त्यांनी पुस्तकं खाली ठेवली. बी.ई. मेकॅनिकल, पंचवीस वर्षं पंपांचं डिझाइन केलेला माणूस आपल्याच जागेभोवती प्रदक्षिणा घालतो आहे हे त्यांना कळत नव्हतं, पण मजा येत होती.

किनाऱ्यावरच्या माणसाने हाताने खूण करून त्यांना जवळ घेतलं. "मिस्टर, ही दोघांची आहे. तुमच्या मिसेसना बोलवा ना."

"त्या येणार नाहीत."

"पाण्याची भीती वाटते?"

"छे! तिला छान पोहता येतं. भीती मला वाटते."

त्या माणसाने पोतं आणलं, त्यात वाळू भरली आणि शेजारच्या सीटवर ठेवलं. "आता सरळ जाईल."

होडी खरंच सरळ गेली. प्रल्हादराव खाडीच्या मध्यापर्यंत गेले. पाण्याचा रंग पोस्टरमधला होता. छापखान्याने काही वाढवलं नव्हतं. तिथे ते पायडलं थांबवून बराच वेळ बसले. पोतं थोडं त्यांच्या बाजूला कललं होतं. "जरा तिकडे सरक," ते म्हणाले, आणि मग त्यांनीच ते हाताने नीट बसवलं.

तिसरा कार्यक्रम जंगलातली वाट. उसाच्या जुन्या मळ्याच्या पडक्या भिंतींपर्यंत चालत जायचं होतं. गटात सगळ्या जोड्या. गाइडने सांगितलं, आपापल्या जोडीदारावर लक्ष ठेवा, कुणी मागे राहायला नको. प्रल्हादराव मागे राहिले. त्या बेटावर गाढवं मोकळी हिंडतात. एक गाढव झाडीतून आलं आणि त्यांच्याबरोबर चालू लागलं. बरं वाटलं. सोबत ती सोबत. प्रल्हादरावांनी त्याला मूठभर चिवडा दिला. त्याला आवडला. मृणालिनीबाईंच्या चिवड्याला इतकी मनापासून दाद मंडळात कधी मिळाली नव्हती. मग घाम पुसायला त्यांनी टोपी काढून हातात धरली, आणि गाढवाने चिवड्यापाठोपाठ टोपी खाल्ली. उन्हाळी, विणलेली, काठाची चांगली टोपी. मागे वळून 'अरे अरे' म्हणेपर्यंत काठच उरला होता. वर गाइडने त्यांनाच दम दिला, की इथल्या प्राण्यांना खायला घालणं मना आहे. प्रल्हादरावांच्या लक्षात आलं, की अमेरिकेत ते जिथे जातील तिथे हा बोर्ड त्यांच्यासाठीच लावलेला आहे.

ही टोपी गेली नसती तर पुढचा प्रसंग टळता. माशांच्या दिवशी सकाळी ऊन कडक होतं, आणि प्रल्हादरावांच्या डोक्यावर केस नव्हते. बोट दिवसभर उन्हात. बॅगेत डोक्यावर घालण्यासारखी एकच वस्तू होती. सुनेत्राबाईंची रबरी टोपी. पिवळ्या फुलांची. ती त्यांनी का आणली होती हे त्यांना विचारलं असतं तर 'असू दे' एवढंच सांगता आलं असतं.

त्यांनी ती घातली, आरशात पाहिलं, आणि लगेच आरशाकडे पाठ केली.

बोटीची कॅप्टन उन्हाने रापलेली, मोठ्या आवाजाची बाई होती. तिने हजेरी घेतली. "मिस्टर अँड मिसेस... ऊकी... ऊकीड..."

"प्रेझेंट," प्रल्हादराव म्हणाले. "मिसेस नो-शो."

सगळी बोट पिवळ्या फुलांकडे बघत होती.

"मग तुमचा बडी कोण?" कॅप्टन म्हणाली. नियम असा होता, की पाण्यात एकट्याने उतरायचं नाही. जोडीनेच, आणि नवख्याने जोडीदाराचा हात सोडायचा नाही. जोडीदार नसेल तर बोटीवर बसून राहायचं.

प्रल्हादराव बाकावर बसले. पुष्कळ वेळ बाकावरच बसून पोहणं पाहिलं होतं, त्यामुळे जागा ओळखीची होती. फक्त यावेळी मांडीवर टॉवेल होता तो त्यांचा स्वतःचा. न्यू जर्सीहून इतक्या लांब यायचं आणि मासे दहा फूट खाली असताना वर बसायचं. ते हेमचंद्रांना काय सांगणार? हेमचंद्रांचं सोडा. तिला काय सांगणार?

तेवढ्यात बोट थांबली आणि लाटांवर डुलायला लागली. समोर ओहायोहून आलेलं एक नवं जोडपं बसलं होतं. नवरा फुटबॉल खेळणारा, मान आणि डोकं एकाच मापाचं. तो आधी पांढरा झाला, मग हिरवा, मग त्याने कठड्यावरून वाकून समुद्राला सकाळचा नाश्ता परत केला. प्रल्हादरावांनी ताबडतोब ओव्याचा अर्क काढला. अर्क घेतल्यावर त्याने दुपारचाही नाश्ता परत केला असता, पण तो अजून झाला नव्हता.

"आय ॲम सो सॉरी, हनी," तो बाकावर आडवा होत म्हणाला. "तू जा."

त्याची नवी बायको रडकुंडीला आली होती. कॅप्टनने तिच्याकडे पाहिलं, पिवळ्या फुलांकडे पाहिलं. "तुम्ही दोघं," ती म्हणाली.

प्रल्हादराव उकिडव्यांचं लग्न झालं तेव्हा भटजींनी हात हातात दिला, त्यानंतर चारचौघांत त्यांनी बायकोचाही हात धरला नव्हता. आता परक्याची, चार दिवसांची नवी नवरी, पोहायच्या कपड्यांत, हात पुढे करून उभी. त्यांनी नवऱ्याकडे परवानगीसाठी पाहिलं. तो डोळे मिटून देवाशी बोलत होता.

"माझं नाव पॅटी," ती म्हणाली. "तुम्हाला येतं का पोहता?"

"थिअरी पूर्ण येते," प्रल्हादराव म्हणाले.

पाणी कोमट होतं. अंगावर जाकीट, पायात बदकाचे पंजे, चेहऱ्यावर काच, तोंडात नळी. थिअरी आठवली. क्लासची मास्तरीण दर वेळी ओरडायची: तोंड पाण्यात घाल, घाबरू नकोस, श्वास सोड. सुनेत्राबाईंना पहिले तीन आठवडे तोंड घालता आलं नव्हतं. दर वेळी वर येऊन त्या बाकाकडे बघायच्या, आणि प्रल्हादराव बाकावरून हाताने खूण करायचे, घाल, घाल, काही होत नाही.

त्यांनी वर पाहिलं. बाकावर फुटबॉलपटू पडला होता.

घाल, काही होत नाही, असं स्वतःलाच सांगून त्यांनी तोंड पाण्यात घातलं.

मासा एकही नव्हता. खाली वाळू होती आणि एक बिअरचा कॅन. प्रल्हादरावांना इतका राग आला की भीती गेली. यासाठी क्लास? यासाठी पोस्टर? तेवढ्यात पॅटीने हात दाबला. कुणीतरी मांडीला टोचलं. मग पुन्हा टोचलं. बर्म्युडाच्या खिशात चिवड्याची पिशवी होती. ती काढून ठेवायची राहिली होती, आणि पिशवीचं तोंड सुटलं होतं. पोहे, दाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता असं सगळं खिशातून निघून निळ्या पाण्यात संथपणे पसरत होतं. आणि खडकामागून मासे आले. दहा, मग शंभर, मग मोजायला कुणाला सवड होती. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, बशीएवढे, हाताएवढे. खिशात शिरायला त्यांची रांग नव्हती, गर्दी होती. बर्म्युडाच्या आत जे घडत होतं ते सांगण्यासारखं नाही. प्रल्हादराव नळीतून ओरडले. नळीतून ओरडलेलं वर भोंग्यासारखं ऐकू जातं. बोटीवरची सगळी मंडळी धावत एका बाजूला आली, बोट कलली, आणि फुटबॉलपटू बाकावरून खाली पडला. पण पॅटीने हात सोडला नाही. ती नळीतून हसत होती. पाण्यात हसणं दिसतं, ऐकू येत नाही.

मग प्रल्हादराव ओरडायचे थांबले. चोहोकडे पिवळंच पिवळं होतं. पोस्टरमध्ये होतं तेवढं, किंबहुना जरा जास्तच. एक मासा काचेसमोर थांबला आणि डोळ्यात डोळा घालून बघत राहिला. त्यांनी शेजारच्या हाताला हलवून दाखवलं. नळीतच म्हणाले, "बघ. बघितलास का?" हात तरुण होता, अंगठी नवी होती. त्यांनी तो सोडला नाही, कारण सोडायचा नाही असा नियम होता.

दुपारी बोट एका लहानशा वाळूच्या बेटाला लागली. कॅप्टनने जेवणाचे डबे वाटले. प्रल्हादरावांना दोन मिळाले. चीजचं सँडविच, बटाट्याचं सॅलड, केळं, केकचा तुकडा. जोड्या सावलीला बसल्या. फुटबॉलपटू पॅटीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. प्रल्हादराव सगळ्यांपासून लांब, पाण्याच्या कडेला गेले, आपला डबा संपवला, आणि मग दुसरा उघडून चार पावलांवर वाळूत ठेवला. मागे सरले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

शब्द पाळला होता. आता तिने घेतला की नाही ते कळायला हवं होतं. पिवळ्या डोळ्याचं काही नको. स्वच्छ, काळा, खात्रीचा कावळा.

आधी सीगल आले. "तू नव्हे," प्रल्हादरावांनी एकाला हाकललं. "तूही नव्हे." मग पिवळ्या पोटाची एक चिमणीएवढी चिमुरडी येऊन केकवर बसली. तिला त्यांनी हळूच उठवलं. एक पेलिकन लांबून डब्याकडे पाहून गेला. जोड्या पुन्हा पुस्तकं खाली ठेवून बघू लागल्या, पण आता त्याचं काही वाटत नव्हतं. सँडविचच्या कडा उन्हाने वळू लागल्या.

शेवटी ते कॅप्टनकडे गेले. "इथे कावळे कधी येतात?"

"कावळे?" ती म्हणाली. "या बेटांवर? मी तर एकही पाहिला नाही. का हो, काय पाहिजे?"

"काही नाही."

ते परत येऊन डब्याजवळ बसले. म्हणजे झालं. अख्ख्या बेटावर कावळा नाही. सुनेत्राबाईंनी बघून बघून अशीच जागा निवडली होती. वारा सुटला, डब्यातला कागदी नॅपकिन उडाला आणि वाळू उडायला लागली. अन्नात वाळू जाईल म्हणून त्यांनी डबा उचलला आणि मांडीवर घेतला. मांडीवर डबा आला, समोर कुणी बसलेलं नाही, आणि डबा अर्धा नाही, अख्खा.

त्यांनी सँडविच मधून मोडलं. एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. सॅलडमध्ये मीठ कमी होतं. केळं उन्हाने मऊ झालं होतं. केकवर चिमुरडीने चोच मारलेली होती, तेवढा कोपरा तिच्यासाठी वाळूत ठेवून बाकीचा खाल्ला. पोट आधीच भरलेलं होतं. तरी कुरकुर न करता शेवटच्या कणापर्यंत डबा पुसला.

कॅप्टन रिकामे डबे गोळा करत आली. त्यांच्या हातातले दोन्ही तिने घेतले, आत पाहिलं. "दोन्ही साफ! मिसेसचाही?"

प्रल्हादरावांनी हातातली रबरी टोपी झटकली आणि पुन्हा डोक्यावर चढवली.

"तिला जात नाही," ते म्हणाले. "तिचं नेहमी मलाच संपवावं लागतं."